जीर्णोद्धार आणि जपणूक : बर्फर्डच्या इगर्जीचा धडा

(ग्रामपंचायतींचे पंच, शिक्षक, शासकीय अधिकारी आणि देवस्थान व इगर्जी समित्यांचे सभासद यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धार हा शब्द आपल्या भाषेत पुण्यवाचक आहे. मोडकळीस आलेले देऊळ पुन्हा उभे करणारा, तळीचा घाट बांधून काढणारा किंवा धर्मशाळेचे छप्पर नव्याने शाकारणारा मनुष्य गावाच्या आदरास पात्र ठरतो. देवळाच्या बाबतीत हे जितके खरे, तितकेच इगर्जीच्या, कपेलाच्या किंवा मशिदीच्या बाबतीतही खरे आहे. गावोगावी वर्गणी जमते, समिती नेमली जाते, सुट्टीवर आलेले दर्यावर्दी आणि परगावी नोकरी करणारे गावकरी सढळ हाताने पैसा देतात आणि काही महिन्यांत जुनी वास्तू नव्या झळाळीने उभी राहते. या सर्वांमागची भावना निर्मळ असते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

तथापि, भावना निर्मळ असली म्हणजे काम योग्य होतेच असे नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली केलेल्या कामामुळे वास्तूचे आयुष्य वाढण्याऐवजी घटल्याची उदाहरणे जगात सर्वत्र आढळतात. जे जपावयाचे होते तेच कामाच्या ओघात नाहीसे होते आणि ते नाहीसे झाल्याचे पुष्कळदा कोणाच्या लक्षातही येत नाही. हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने ज्या देशात विचारला गेला, तो देश म्हणजे इंग्लंड. तेथील एका साध्या बाजारगावातील मध्ययुगीन इगर्जी या वादाचे निमित्त ठरली. आपल्या गोव्यातील वास्तूंकडे वळण्यापूर्वी त्या इगर्जीची हकीकत समजून घेणे उपयुक्त ठरेल; कारण तिच्यातील चुना, दगड, पावसाचे पाणी आणि समितीचा उत्साह ही सर्व पात्रे आपल्याही ओळखीची आहेत.

शतकांनी बांधलेली वास्तू

ऑक्सफर्ड शहराच्या पश्चिमेस सुमारे तीस किलोमीटर अंतरावर बर्फर्ड नावाचे गाव आहे. कॉट्सवोल्ड नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या कडेला ते वसलेले आहे. गावाचा मुख्य रस्ता उतारावरून विंडरश नदीच्या पुलाकडे जातो आणि नदीच्या जवळच संत योहान बाप्तिस्त याच्या नावाची इगर्जी उभी आहे. ही पॅरिश चर्च आहे. म्हणजे ती बिशपाचे पीठ नव्हे किंवा मठवासी संन्याशांची खासगी वास्तूही नव्हे. ती एका गावाची, तेथील शेतकऱ्यांची, विणकरांची व व्यापाऱ्यांची इगर्जी आहे.

ही इगर्जी कोणत्या साली बांधली, या प्रश्नाला एका सालाचे उत्तर नाही. तिचा मधला मनोरा बाराव्या शतकातील आहे. नॉर्मन राजवटीतील बांधकामाची सर्व लक्षणे, म्हणजे जाड भिंती, अर्धगोल कमानी आणि कमानींवरील नागमोडी नक्षी, तेथे पाहावयास मिळतात. तेराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास गावातील व्यापारी संघाने इगर्जीच्या आवारात आपले स्वतंत्र प्रार्थनागृह बांधले. ते मुख्य इमारतीला समांतर नव्हते, किंचित तिरपे होते. पुढे पंधराव्या शतकात हे प्रार्थनागृह मुख्य इगर्जीस जोडून घेण्यात आले आणि त्याचा तिरपेपणा तसाच राहिला. आजही आत शिरणाऱ्या मनुष्यास नकाशातील हा वाकडेपणा जाणवतो, आणि एके काळी येथे दोन निराळ्या इमारती होत्या हे त्यावरून समजते. त्याच पंधराव्या शतकात जुन्या नॉर्मन मनोऱ्यावर उंच निमुळते शिखर चढविण्यात आले, उपासकांच्या दालनाच्या भिंती उंचावून वर खिडक्यांची रांग काढण्यात आली आणि दक्षिणेकडे तीन मजली नक्षीदार देवडी बांधण्यात आली. देवडीच्या छतावर पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरणाऱ्या दगडी फासळ्यांची रचना आहे.

एवढे वैभव एका लहान गावाला परवडले कसे? त्याचे उत्तर मेंढीच्या लोकरीत आहे. मध्ययुगात कॉट्सवोल्ड टेकड्यांवरील लोकर युरोपातील विणकर चढ्या भावाने विकत घेत असत. बर्फर्डच्या व्यापाऱ्यांच्या संघाला अकराव्या शतकाच्या अखेरीसच सनद मिळालेली होती. लोकरीतून मिळालेला पैसा दगडात उतरला. दगडही दूरचा नव्हता. जवळच्या टेंटन गावच्या खाणींतील चुनखडीचा दगड इतका नामांकित होता की ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांनी तो वापरला. हा दगड घडविणाऱ्या गवंड्यांची परंपराही तेथे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या उभारणीत क्रिस्टोफर रेन या वास्तुशिल्पकाराबरोबर काम करणारा ख्रिस्तोफर केम्पस्टर हा गवंडी बर्फर्डचाच. १७१५ मध्ये त्याचे निधन झाले आणि त्याचे स्मारक याच इगर्जीत आहे.

देखभालीची जबाबदारीही प्राचीन काळापासून वाटून दिलेली होती. इंग्लंडमधील मध्ययुगीन रूढीप्रमाणे वेदीकडील भागाची दुरुस्ती पॅरिशचे उत्पन्न घेणाऱ्या धर्माधिकाऱ्याने करावयाची आणि उपासकांच्या दालनाची दुरुस्ती गावकऱ्यांनी करावयाची. गोव्यातील गावकरीची व्यवस्था, देवस्थानाचे महाजन आणि इगर्जीची फाब्रिका यांच्याशी परिचित असलेल्या श्रोत्यांना ही वाटणी परकी वाटणार नाही. वास्तू गावाची, म्हणून तिचे छप्परही गावाचे, असा त्यामागील विचार होता.

भिंतींवरील इतिहास

सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेची लाट आली. राजाज्ञेने इगर्जींतील मूर्ती काढण्यात आल्या आणि भिंतींवरील धार्मिक चित्रे चुन्याची सफेदी देऊन झाकण्यात आली. त्या काळच्या आज्ञेचा हेतू चित्रे नष्ट करण्याचा होता. परंतु चुन्याने नेमके उलटे केले. सफेदीच्या थरांखाली ती चित्रे अनेक ठिकाणी सुरक्षित राहिली. यॉर्कशर परगण्यातील पिकरिंग गावच्या इगर्जीत पंधराव्या शतकातील चित्रमाला अशीच चुन्याखाली दडलेली होती. ती १८५२ मध्ये उजेडात आली. तेथील धर्मगुरूला ती उपासनेत व्यत्यय आणणारी वाटल्याने त्याने तिला पुन्हा सफेदी दिली, आणि पुढच्या पिढीने ती पुन्हा उघडली. चुना होता म्हणून चित्रे राहिली, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

बर्फर्डच्या इगर्जीने आणखी एक प्रसंग पाहिला. १६४९ साली, इंग्लंडच्या यादवी युद्धानंतर, संसदेच्या सैन्यातील काही तुकड्यांनी आपल्या मागण्यांसाठी बंड केले. सामान्य मनुष्यालाही राज्यकारभारात वाटा मिळावा अशा मताच्या या लोकांना लेव्हलर्स म्हणत. क्रॉमवेलच्या सैन्याने रात्री बर्फर्ड गावावर छापा घालून त्यांना पकडले आणि तीनशेहून अधिक सैनिकांना या इगर्जीत कोंडून ठेवले. १७ मे १६४९ रोजी त्यांपैकी तिघांना इगर्जीच्या आवारात गोळ्या घालून ठार करण्यात आले. कोंडलेल्यांपैकी अँटनी सेडली नावाच्या एका सैनिकाने बाप्तिस्म्याच्या कुंडावर आपले नाव, १६४९ हे साल आणि ‘कैदी’ या अर्थाचा शब्द कोरला. त्या शब्दाचे स्पेलिंगही चुकलेले आहे. ते अक्षर आजही तेथे आहे.

एका पवित्र कुंडावर एका शिपायाने काढलेले हे ओरखडे आहेत. टापटिपीच्या दृष्टीने पाहिले तर तो केवळ डाग होय, आणि एखाद्या उत्साही कारागिराने तासभर घासले असते तर तो निघूनही गेला असता. पण त्या तासाभरात इंग्लंडच्या लोकशाहीच्या इतिहासातील एक अस्सल पुरावा कायमचा पुसला गेला असता. वास्तूवरील कोणती खूण घाण आणि कोणती आठवण, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा जीर्णोद्धाराच्या प्रश्नाचा गाभा आहे.

चांगल्या हेतूने झालेले काम

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये इगर्जींच्या जीर्णोद्धाराची मोठी चळवळ सुरू झाली. १८४० ते १८७५ या काळात सात हजारांहून अधिक इगर्जींत दुरुस्ती, विस्तार किंवा पुनर्बांधणी झाली. त्याची गरज नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक ठिकाणी छपरे गळत होती, भिंतींना ओल आली होती आणि लाकडी बैठकींची दाटी झाली होती. वास्तुविशारदांनी हे काम निष्ठेने अंगावर घेतले. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांची एक धारणा होती : मध्ययुगातील एखाद्या विशिष्ट शतकाची शैली शुद्ध, आणि तिच्यानंतर जे जे आले ते हिणकस. म्हणून नंतरच्या शतकांत बसविलेल्या खिडक्या काढून त्यांच्या जागी ‘मूळच्या’ वाटतील अशा नव्या खिडक्या बसविण्यात आल्या. जुनी फरसबंदी उखडून गुळगुळीत रंगीत फरशा घालण्यात आल्या. दगड दिसावा म्हणून आतील भिंतींवरचा चुन्याचा गिलावा खरवडून काढण्यात आला. पिकरिंगला जे वाचले, ते अशा रीतीने इतर किती तरी ठिकाणी गिलाव्याबरोबर मातीत गेले.

बर्फर्डच्या इगर्जीचे काम १८७० च्या दशकात जॉर्ज एडमंड स्ट्रीट या त्या काळच्या अग्रगण्य वास्तुविशारदाकडे होते. स्ट्रीट हे मध्ययुगीन वास्तुकलेचे व्यासंगी अभ्यासक होते, ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनीही कधी नाकारली नाही. १८७६ च्या सप्टेंबर महिन्यात विल्यम मॉरिस हे कवी व कारागीर प्रवासात बर्फर्डला थांबले. जवळच्या केल्मस्कॉट गावी त्यांचे घर होते. इगर्जीत चाललेले काम पाहून ते व्यथित झाले आणि अशा कामांविरुद्ध आवाज उठविण्यासाठी संस्था हवी असे आवाहन करणारे पत्र त्यांनी लिहावयास घेतले. गावच्या धर्मगुरूने आपली इगर्जी आहे, आपण वाटेल ते करू, अशा अर्थाचे उत्तर मॉरिस यांना दिल्याची आठवण तेथे सांगितली जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वीस वर्षांपूर्वी, १८५६ मध्ये, तरुण मॉरिस याच स्ट्रीट यांच्या कार्यालयात उमेदवारी करीत होते. म्हणजे ज्यांच्या कामाला त्यांनी विरोध केला ते त्यांचेच गुरू होते. तेव्हा हा वाद जाणता विरुद्ध अडाणी, किंवा श्रद्धाळू विरुद्ध नास्तिक असा नव्हता. जुन्या वास्तूंवर सारखेच प्रेम करणाऱ्या दोन माणसांमधील तो वाद होता, आणि म्हणूनच तो आजही मोलाचा आहे.

पुढच्या वर्षी टूक्सबरी येथील मोठ्या इगर्जीचे काम जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडे जाणार असे कळल्यावर मॉरिस यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले, आणि मार्च १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी एक मंडळ स्थापन झाले. भिंती खरवडण्यास त्याचा विरोध असल्याने लोकांनी त्याला ‘खरवड-विरोधी मंडळ’ असे टोपणनाव दिले. हे मंडळ आजही कार्यरत आहे.

मंडळाचे म्हणणे थोडक्यात असे होते. जुनी वास्तू ही कोणा एका पिढीची मालमत्ता नव्हे. ती ज्यांनी बांधली त्यांची आणि जे पुढे येणार आहेत त्यांची असते. मधली पिढी केवळ विश्वस्त असते. गेलेल्या शतकाचे काम आजच्या कारागिराला पुन्हा निर्माण करता येत नाही. तो फक्त त्याची नक्कल करू शकतो, आणि नक्कल अस्सलाच्या जागी बसविली म्हणजे पुढच्या अभ्यासकाची फसवणूक होते. म्हणून पुनर्निर्मितीचा हव्यास सोडून रोजच्या रोज देखभाल करावी, झिरपणारे पाणी वेळीच थांबवावे आणि जेथे आधार देणे अपरिहार्य असेल तेथे तो उघडपणे नवा आधार म्हणून द्यावा. या विचाराच्या अनुयायांनी दगड झिजून पडलेली पोकळी भरण्यासाठी पातळ कौले चुन्यात बसविण्याची पद्धत वापरली. अशी दुरुस्ती मजबूत असते, जुन्या दगडाला धक्का लावीत नाही, आणि ती नंतरची आहे हे कोणालाही दिसते.

न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इगर्जी हे वस्तुसंग्रहालय नव्हे. तेथे माणसे उपासनेस येतात, त्यांना कोरडे छप्पर, उजेड आणि बसावयास जागा लागते. बर्फर्डची इगर्जी आजही चालती इगर्जी आहे, आणि तिच्या टिकण्यात एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीचाही वाटा आहे. मॉरिस यांच्या मंडळाचा आग्रह दुरुस्ती न करण्याचा नव्हता. गरजेपुरती दुरुस्ती करावी, तिच्यापलीकडे जाऊन वास्तूला आपल्या आवडीचे रूप देऊ नये, एवढीच सीमारेषा त्यांनी आखली.

चुन्याचे शास्त्र

हा वाद केवळ अभिरुचीचा आहे असे समजणे चूक ठरेल. त्यामागे बांधकामाचे शास्त्र आहे. जुन्या भिंती चुन्याच्या दर्ज्यात बांधलेल्या असतात. चुना दगडापेक्षा मऊ व सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या दरजांमधून व गिलाव्यातून बाहेर पडते आणि वाऱ्याने वाळते. पाण्याबरोबर येणारे क्षार चुन्यात साठतात. कालांतराने चुना झडतो, आणि तो पुन्हा लावला की भिंत पूर्ववत होते. म्हणजे चुना स्वतः झिजून दगडाला वाचवितो.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये नोंदले गेले आणि पुढे हा पदार्थ जगभर पसरला. नव्या बांधकामासाठी तो उपयुक्त आहे, यात वाद नाही. परंतु जुन्या मऊ दगडाच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला किंवा दरजा सिमेंटने भरल्या की ओलीचा बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो. सिमेंट कठीण, दगड मऊ. त्यामुळे झिजण्याचे काम दगडाकडे येते. क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साचून स्फटिक बनतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. वरून भिंत घोटीव दिसते, पण आत ती भुसभुशीत होत असते. मग काही वर्षांनी सिमेंटचा पोपडा सुटतो, तेव्हा तो दगडाचा थर घेऊनच खाली येतो.

गोव्यातील उदाहरण

हे सर्व परमुलखातले आहे, असे कोणास वाटल्यास त्याने जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेसमोर उभे राहावे. १५९४ मध्ये या इगर्जीच्या बांधकामास आरंभ झाला आणि १६०५ मध्ये तिचे अभिषेचन झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव येथे आहे आणि देशविदेशांतून भाविक येथे येतात. जुन्या गोव्यातील इतर इगर्जी पांढऱ्या शुभ्र दिसतात. ही मात्र तांबूस जांभ्या दगडाची दिसते. कित्येकांची अशी समजूत आहे की ती मुळातच अशी बांधलेली होती. वस्तुतः तिलाही चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीत झालेल्या दुरुस्तीच्या वेळी तो बाहेरून काढून टाकण्यात आला. इंग्लंडमध्ये ज्या मोहाला मॉरिस यांनी विरोध केला, त्याच मोहाने सुमारे पाऊणशे वर्षांनंतर आपल्या मांडवीकाठी प्रवेश केला.

जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत कठीण होतो हे खरे. पण तो सच्छिद्र असतो, हेही तितकेच खरे. गोव्यात दरवर्षी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडून येणारी झड भिंतीत शिरते, आणि गिलाव्याचे कवच नसल्याने चिऱ्यावर थेट मारा होतो. चिऱ्यांची झीज होत असल्याची चिंता जाणकारांनी वेळोवेळी व्यक्त केली आहे. २०२० साली गिलावा पुन्हा द्यावा की नाही, यावर जाहीर चर्चाही झाली. या चर्चेतील अडचण उद्‌बोधक आहे. गिलावा काढून कित्येक वर्षे लोटल्यामुळे तांबूस रूप हेच लोकांना ओळखीचे व प्रिय झाले आहे. म्हणजे खरवडण्याचे काम अल्पकाळात होते, पण त्यामुळे निर्माण झालेला प्रश्न पुढील अनेक पिढ्यांना सोडवावा लागतो. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. पुढे जो काही निर्णय होईल तो अभ्यासाने व्हावा लागेल, आणि त्यात सिमेंटला स्थान असू नये.

केवळ दुरुस्तीनेच हानी होते असेही नाही. त्याच जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनची भव्य वास्तू दुर्लक्षामुळे पडली. १८३५ मध्ये धर्मसंघांची हकालपट्टी झाल्यावर ती ओस पडली, १८४२ मध्ये तिची कमानदार छत कोसळली, आणि आज सुमारे शेहेचाळीस मीटर उंचीच्या मनोऱ्याचा एक भाग तेवढा शिल्लक आहे. तिची घंटा पणजीच्या इगर्जीत वाजते. ज्या वास्तूची ती होती, ती वास्तू मात्र राहिली नाही. छपराला एक छिद्र पडले आणि ते बुजविणारा कोणी नसला की मोठमोठ्या भिंतींचाही निभाव लागत नाही. अतिउत्साह आणि दुर्लक्ष ही दोन टोके आहेत. जपणुकीचा मार्ग त्यांच्या मधून जातो.

आपल्या पूर्वजांना हा मार्ग ठाऊक होता. शिंपल्या भाजून केलेला चुना दीर्घकाळ भिजवून, घाणीत दळून, मगच ते वापरीत. पावसाळ्यापूर्वी पश्चिमेकडील भिंतींना माडाच्या झावळ्यांचे झाप बांधीत आणि पावसाळा संपल्यावर भिंतींना सफेदी देत. दर वर्षी थोडे काम आणि दर वर्षी थोडा खर्च, अशी ती रीत होती. ती मोडली आणि पंचवीस वर्षांतून एकदा मोठी वर्गणी काढून सर्व काही नवे करण्याची पद्धत आली, तेव्हापासून वास्तूंचे दुखणे वाढले.

काय करता येईल

इंग्लंडमध्ये या विषयाला पुढे नियमांचे रूप मिळाले. तेथील अधिकृत चर्चने १९५५ मध्ये असा कायदा केला की प्रत्येक इगर्जीची दर पाच वर्षांनी पात्र वास्तुविशारदाकडून तपासणी झालीच पाहिजे. त्या अहवालात कोणते काम तातडीचे आणि कोणते थांबू शकेल, याची क्रमवारी असते. शिवाय किरकोळ कामे वगळता इगर्जीत बदल करावयाचा झाला तर धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. ‘आपली इगर्जी, आपण वाटेल ते करू’ या उत्तराला अशा रीतीने व्यवस्थेनेच पूर्णविराम दिला.

आपल्याकडेही कायदे आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी १९५८ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवतीच्या शंभर मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामास मनाई केली आणि त्यापुढील दोनशे मीटरमध्ये नियंत्रण आणले. राज्य पातळीवर १९७८ चा गोवा, दमण व दीवचा कायदा आहे. परंतु संरक्षित यादीत नाव आलेली स्मारके मोजकीच असतात. गावातील लहान देऊळ, घुमटी, कपेल, तळी, जुनी शाळा या बहुतेक वास्तू कोणत्याही यादीत नसतात. त्यांचे भवितव्य गावकऱ्यांच्या शहाणपणावरच अवलंबून आहे. म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट पाण्याची. मे महिन्यात छपरावर माणूस चढवून फुटकी कौले बदलावी, पन्हळी साफ कराव्या आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी न साचता दूर जाईल अशी वाट काढावी. दुसरी गोष्ट झाडांची. भिंतीत उगवलेले पिंपळाचे किंवा वडाचे रोप बोटभर असतानाच काढावे. ते मनगटाएवढे झाल्यावर ओढून काढले तर भिंतीसह येते, म्हणून तेव्हा जाणकाराचा सल्ला घ्यावा. तिसरी गोष्ट चुन्याची. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा, तैलरंग किंवा चकचकीत फरशा लावू नयेत. चुन्याचे काम जाणणारा वयस्क गवंडी परिसरात असेल तर त्याच्या हाताखाली एखादा तरुण शिकाऊ म्हणून द्यावा, कारण हे ज्ञान माणसाबरोबरच जाते.

चौथी गोष्ट नोंदीची. कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी वास्तूची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावी, मोजमापे घेऊन साधा नकाशा काढावा आणि कोणत्या साली काय बदलले याची वही ठेवावी. शाळेतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांना हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज करता येईल. त्यातून गणित, चित्रकला आणि इतिहास हे तिन्ही विषय एका ठिकाणी शिकविता येतील. पाचवी गोष्ट म्हणजे काढून टाकण्याची घाई करू नये. जुना कोरीव खांब, झिजलेली पायरी, भिंतीवरील अस्पष्ट रंग किंवा दगडावरील न वाचता येणारी अक्षरे ज्याला कळत नाहीत त्याला ती निरुपयोगी वाटतात. ती ज्याला कळतील असा मनुष्य कदाचित अजून जन्मावयाचा असेल. अशा वेळी पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्यांना कळवावे आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत पहार व छिन्नी बाजूला ठेवावी.

अधिकाऱ्यांनीही आपल्या बाजूचा विचार करावयास हवा. दुरुस्तीसाठी निधी मंजूर करताना वर्षाअखेर खर्च पूर्ण झाला की नाही एवढेच पाहिले जाते, आणि कंत्राटदाराला चुना मुरण्यास लागणारा काळ परवडत नाही. चुन्याचे काम सिमेंटच्या वेळापत्रकात बसत नाही. एकरकमी मोठ्या अनुदानापेक्षा दरवर्षीच्या देखभालीसाठी लहान रक्कम मिळाली, तर वास्तूंचे अधिक कल्याण होईल.

बर्फर्डच्या इगर्जीत एका कैद्याने कोरलेले वेडेवाकडे अक्षर साडेतीनशेहून अधिक वर्षे टिकले, याचे कारण त्या काळात कोणी ना कोणी ते घासून टाकावयाचे नाही असे ठरविले. असे ठरविण्याला पैसा लागला नाही, वर्गणी लागली नाही आणि समारंभही झाला नाही. आपल्या गावातील वास्तूंवरही अशी अक्षरे आहेत. काही दगडावर आहेत, काही लाकडावर आणि काही केवळ चुन्याच्या थराखाली आहेत. पुढच्या जीर्णोद्धाराची सभा भरेल तेव्हा काय नवे करावयाचे याची यादी करण्यापूर्वी कशाला हात लावावयाचा नाही, याची यादी आधी करावी, एवढीच या प्रसंगी सर्वांना विनंती आहे.